कारखान्यात घडलेली शिकारी रायफल : अचूकतेच्या कसोटीचा इतिहास

शिकारीसाठी रायफल विकत घेणाऱ्या माणसापुढे गेल्या दीडशे वर्षांत एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला आहे. कारखान्यात हजारोंनी तयार होणाऱ्या रायफलींपैकी आपण जी घेऊ ती नेमास पक्की निघेल, याची खूण कोणती? वरवर पाहता हा प्रश्न दुकानातला, गिऱ्हाइकाच्या सोयीगैरसोयीचा वाटतो. परंतु तंत्रविद्येच्या इतिहासाच्या अभ्यासकास त्यात एक व्यापक प्रश्न गुंतलेला दिसेल. एखाद्या वस्तूच्या गुणाविषयी समकालीनांनी दिलेली साक्ष ही त्या गुणाची साक्ष मानावयाची, की त्या गुणाच्या रूढ चिन्हांची? प्रस्तुत लेखात शिकारी रायफलीच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अचूकता ज्या कारणांनी उत्पन्न होते ती कारणे, आणि गिऱ्हाइकाने तिच्या खुणा म्हणून ज्या गोष्टी मानल्या त्या गोष्टी, या आरंभी बहुतांशी एक होत्या. पुढे त्या एकमेकींपासून दूर होत गेल्या, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची पूर्ण फारकत झाली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम 'अचूकता' या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. गोळी इच्छित ठिकाणी लागणे ही एक गोष्ट, आणि लागोपाठ झाडलेल्या गोळ्या एकाच ठिकाणी लागणे ही दुसरी. पहिली गोष्ट माशी किंवा दुर्बीण सरकवून साधता येते; दुसरी साधता येत नाही. ती रायफलीच्या अंगचा गुण होय. तो मोजावयाचा म्हणजे काही गोळ्या झाडून लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका किती रुंद झाला हे पाहावयाचे. १०० वारांवर १ इंचाचा पुंजका म्हणजे कोनाच्या मापाने जवळजवळ १ कला (नेमके सांगावयाचे तर १ कला म्हणजे १.०४७ इंच). हरणाच्या जातीच्या बहुतेक मोठ्या जनावरांचे हृदय व फुप्फुसे सुमारे ८ इंचांच्या वर्तुळात सामावतात. म्हणून १०० वारांवर २ इंचांचा पुंजका देणारी रायफल २०० वारांपर्यंत शिकारीस पुरेशी ठरते. तरीही शिकाऱ्याचा स्वतःचा हात, वारा आणि अंतराचा अंदाज या तिन्हींची चूक त्यात मिळवावी लागते. हे गणित चुकले तर त्याची किंमत जनावरास मोजावी लागते. ते जखमी होऊन झाडीत शिरते आणि तासन्‌तास यातना भोगून मरते. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

१

अठराव्या शतकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात जर्मन वंशाचे कारागीर लांब नळीच्या रायफली बनवीत. त्यांतील प्रत्येक रायफल ही स्वतंत्र वस्तू असे. दोन नळ्यांचे भोक नेमके सारखे क्वचितच येई. म्हणून कारागीर रायफलीबरोबर तिच्याच मापाचा, गोळ्या ओतण्याचा साचाही देत असे. नळीच्या आतील सर्पिल चरे तो हाताने, एकेक करून कोरीत असे. अशा रायफलीची अचूकता म्हणजे ती नळी, तो साचा आणि तो कारागीर यांचे परस्परांशी जुळलेले नाते होते. येथे गिऱ्हाइकाची कसोटी सरळ होती. कारागीर चांगला तर रायफल चांगली. आणि कारागिराची चोखंदळ वृत्ती दस्त्याच्या लाकडावर व पितळी जडावावर डोळ्यांना दिसत असे. ज्या हाताने चरे कोरले त्याच हाताने दस्ता घासला, हे खरे असल्यामुळे बाह्य सौंदर्य हे अंतर्गत गुणाचे विश्वसनीय चिन्ह होते.

कारखान्याने हे नाते तोडले. परंतु ते अचूकतेसाठी तोडले नाही. हार्पर्स फेरी येथील अमेरिकन सरकारच्या शस्त्रशाळेत जॉन हॉल याने १८१९ च्या नमुन्याची, मागून भरावयाची रायफल १८२० नंतरच्या दशकात यंत्रे व मापके यांच्या साहाय्याने अशी बनविली, की एकीचा भाग दुसरीस बसावा. यामागील हेतू लष्करी होता. मोडलेली शस्त्रे छावणीतच दुरुस्त व्हावीत, एवढाच तो हेतू. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात व्हर्माँट राज्यातील रॉबिन्स आणि लॉरेन्स या कंपनीने परस्परांचे भाग बदलता येणाऱ्या सहा रायफली मांडल्या. त्यानंतर ब्रिटिश सरकारने अमेरिकन यंत्रे आणवून एन्फील्ड येथील कारखान्याची नवी उभारणी केली. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल तेथे यंत्रावर बनू लागली. याच नमुन्याच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ मध्ये हिंदुस्थानात जे रामायण घडले ते इतिहासाच्या विद्यार्थ्यास परिचित आहे.

भाग बदलता येण्याच्या या तत्त्वात अचूकतेच्या दृष्टीने एक मूलभूत अडचण आहे. कोणत्याही रायफलीचा बोल्ट कोणत्याही रायफलीत बसावा असे म्हटले, की प्रत्येक मापात थोडी मोकळीक ठेवणे भाग पडते. आणि मोकळीक हीच तर अचूकतेची वैरीण. बोल्ट काडतुसाच्या मागे तिरका बसला, काडतूस नळीच्या मध्यरेषेपासून किंचित कलले, किंवा नळी दस्त्यात कधी येथे तर कधी तेथे टेकली, की प्रत्येक गोळीचा आरंभ निराळा होतो आणि पुंजका रुंदावतो. तेव्हा कारखान्यापुढचा खरा प्रश्न असा होता, की मोकळीक तर टाळता येत नाही; मग ती कोठे ठेवली असता कमीत कमी बाधेल? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळावयास जवळजवळ एक शतक लागले.

२

त्या शतकाच्या आरंभी प्रश्नाची दुसरी बाजू जोझेफ व्हिटवर्थ याने उजेडात आणली. स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणीकरण १८४१ मध्ये सुचविणारा हा मँचेस्टरचा यंत्रतज्ज्ञ. १८५४ मध्ये सरकारने त्यास रायफलीच्या यंत्रनिर्मितीविषयी सल्ला विचारला असता त्याने उलट प्रश्न केला : नळीचा आकार कसा असावा हेच जोवर कोणी प्रयोगाने ठरविलेले नाही, तोवर यंत्रे कशाची नक्कल करणार? त्याने आपल्या निवासस्थानी ५०० वार लांबीचा बंदिस्त मार्ग बांधून प्रयोग केले. एन्फील्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता व तिचे चरे ७८ इंचांत एक वळसा घेत. व्हिटवर्थने व्यास ०.४५१ इंच धरला, भोक षट्‌कोनी केले आणि वळसा २० इंचांत एक असा जलद ठेवला. १८५७ मध्ये हाइद येथे झालेल्या चाचणीत ५०० वारांवर एन्फील्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन २.२४ फूट आले, तर व्हिटवर्थच्या रायफलीचे अवघे ०.३७ फूट. सहापट फरक! तरीही सैन्याने तिचा स्वीकार केला नाही. ती महाग होती आणि तिच्या अरुंद नळीत जळलेल्या दारूचा मळ लवकर साचे. परंतु अचूकता ही कारागिराच्या बोटांत नसून व्यास, गोळीची लांबी आणि चऱ्यांचा वळसा यांच्या प्रमाणात असते, व ते प्रमाण प्रयोगाने ठरविता येते, ही गोष्ट त्या चाचणीने सिद्ध झाली.

हाताचे काम आणि कारखान्याचे काम यांची उघड तुलना २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे झाली. आदल्या वर्षी विंबल्डन येथे विजयी झालेल्या आयरिश नेमबाजांनी अमेरिकनांस आव्हान दिले होते. प्रत्येक बाजूस सहा नेमबाज. अंतरे ८००, ९०० व १००० वार. आयरिश नेमबाजांकडे डब्लिनच्या रिग्बी या घराण्याने बनविलेल्या, पुढून ठासून भरावयाच्या रायफली होत्या, आणि स्वतः जॉन रिग्बी त्यांच्यांतील एक नेमबाज होता. अमेरिकनांच्या हातांत रेमिंग्टन व शार्प्स या कारखान्यांच्या, मागून भरावयाच्या रायफली होत्या. अमेरिकनांचे ९३४ गुण झाले, आयरिशांचे ९३१. आयरिश संघातील एका नेमबाजाची एक गोळी चुकीच्या लक्ष्यावर लागली नसती तर निकाल फिरला असता. म्हणून या विजयावरून कारखान्याचे श्रेष्ठत्व सिद्ध होते असे म्हणता येणार नाही. परंतु बरोबरी सिद्ध होते, आणि त्या काळी तेवढीही गोष्ट थोडी नव्हती. हाच जॉन रिग्बी पुढे १८८७ मध्ये एन्फील्डच्या सरकारी कारखान्याचा अधीक्षक झाला, ही घटना काळ कोणत्या दिशेने वळत होता ते दर्शविते.

३

तथापि क्रीडमूरच्या रायफली स्पर्धेसाठी खास बनविलेल्या होत्या. सामान्य शिकाऱ्याच्या वाट्यास येणारी रायफल कशी असे, याचे सर्वांत बोलके साधन म्हणजे विंचेस्टर कंपनीची १८७५ ची विक्रीपुस्तिका. १८७३ च्या नमुन्याच्या रायफलींच्या नळ्या तयार होत असताना त्यांची झाडून परीक्षा घेतली जाते. ज्या नळ्या विशेष चांगल्या ठरतील त्यांना हलका चाप व अधिक चांगली सजावट देऊन त्यांवर 'हजारांत एक' अशी अक्षरे कोरली जातील आणि अशी रायफल १०० डॉलरांस विकली जाईल. त्याखालच्या दर्जाच्या नळ्या 'शंभरांत एक' म्हणून नेहमीच्या किमतीवर २० डॉलर घेऊन दिल्या जातील, असे तीत जाहीर केले होते. प्रत्यक्षात 'हजारांत एक' या खुणेच्या १८७३ नमुन्याच्या रायफली दीडशेही बनल्या नाहीत.

या जाहिरातीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की कारखाना त्या वेळी अचूकता निर्माण करीत नव्हता. तो ती शोधीत होता. एकाच यंत्रावर, एकाच पोलादातून निघालेल्या नळ्यांत काही चांगल्या का निघतात हे ठाऊक नसल्यामुळे त्या झाडून पाहावयाच्या व निवडावयाच्या, एवढाच मार्ग होता. दुसरी गोष्ट अधिक दूरगामी आहे. चांगल्या नळीस चांगली सजावट जोडून कंपनीने जुन्या कारागिराच्या काळचे चिन्ह कृत्रिम रीतीने पुन्हा प्रस्थापित केले. पेनसिल्व्हेनियात सौंदर्य व अचूकता एका हातातून उपजत असत. येथे ती दोन खात्यांतून येऊन केवळ किमतीच्या चिठ्ठीवर एकत्र आली. गिऱ्हाइकाच्या मनात मात्र 'जी सुंदर ती अचूक' हे समीकरण पक्के झाले.

नळ्या भिन्न का निघतात याचे शास्त्रीय उत्तर शोधण्याचे श्रेय फ्रँकलिन मान या अमेरिकन संशोधकास द्यावे लागेल. त्याने माणसाच्या हाताची चूक वगळण्यासाठी काँक्रीटच्या भक्कम चौथऱ्यावर नळी बसवून अनेक वर्षे प्रयोग केले व १९०९ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. गोळीच्या बुडास लागलेला धक्का, तिचा असमतोल आणि नळीत शिरताना तिचे मध्यरेषेपासून कलणे, या कारणांकडे त्याने लक्ष वेधले. पुढील काळातील सुधारणांचा आशय एका वाक्यात सांगावयाचा तर, काडतूस, कोठा, बोल्ट आणि नळी ही चारही एका मध्यरेषेवर आणण्याचा प्रयत्न, असा सांगता येईल.

४

याच सुमारास शिकारी रायफलीचा पाया बदलला. जर्मन सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारलेली माउझर रायफल ही त्या पायाचा आदर्श होय. तिच्या बोल्टच्या पुढच्या टोकास दोन भक्कम कान असून ते काडतुसाच्या अगदी मागे, समोरासमोर अडकतात. त्यामुळे स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंस सारखा पडतो. लंडनच्या रिग्बी पेढीने माउझरची ब्रिटनमधील विक्री हाती घेतली. ओबर्नडॉर्फच्या कारखान्यातून आलेल्या यंत्रणेवर लंडनचे कारागीर नळी व दस्ता बसवीत. कारखाना व कारागीर यांची ही तडजोड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तम शिकारी रायफलीची व्याख्याच होऊन बसली. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीस मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यास १९०७ मध्ये भेट मिळालेली ०.२७५ व्यासाची रिग्बी रायफल याच घडणीची होती.

हिंदुस्थानचा उल्लेख आला असता एका गोष्टीचा निर्देश आवश्यक आहे. येथे रायफलीची निवड अचूकतेवर ठरण्यापूर्वीच राज्यकर्त्यांच्या नियमांनी ठरत असे. सैन्याची काडतुसे खाजगी हाती जाऊ नयेत म्हणून १९०७ मध्ये ०.४५० व्यासाच्या रायफलींस हिंदुस्थान व सुदान येथे बंदी झाली, आणि इंग्रज बंदूककारांनी ०.४६५, ०.४७० अशी नवी मापे काढली. ०.३०३ हे सैन्याचे माप असल्याने खाजगी शिकाऱ्यासाठी ०.३१५ चे काडतूस रूढ झाले. स्वातंत्र्यानंतरही ईशापूरच्या सरकारी कारखान्यात त्याच मापाची रायफल बनत राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच येथे बहुतांशी मिटला. सारांश, खुल्या बाजारात अचूकतेची कसोटी कशी बदलत गेली याचा अभ्यास करावयाचा तर तो जेथे बाजार खुला होता तेथे, म्हणजे मुख्यतः अमेरिकेत, केला पाहिजे.

५

विंचेस्टर कंपनीने १९२५ मध्ये ५४ क्रमांकाची आणि १९३६ मध्ये ७० क्रमांकाची रायफल जाहीर केली. ७० क्रमांकाच्या रायफलीत माउझरच्या धर्तीचा, काडतुसाचा काठ पकडून धरणारा लांब आकडा होता. तिचा चाप जुळवून घेता येई. भाग घडीव पोलादातून कातून काढलेले असत आणि दस्त्याच्या अक्रोडाच्या लाकडावर पकडीसाठी चौकटी कोरलेल्या असत. तिची ख्याती फार मोठी झाली, आणि ती अनाठायी नव्हती. परंतु तिच्या निर्मितीत यंत्राची असंख्य कामे आणि त्यांवर हाताची सफाई यांची भर पडत असल्याने मजुरी वाढू लागताच तिचा खर्च पेलेनासा झाला.

दरम्यान गिऱ्हाइकाच्या हाती एक नवे साधन आले. विल्यम वीव्हर याने १९३० मध्ये सामान्य माणसास परवडेल अशी दुर्बीण बाजारात आणली. उघड्या माशीने नेम धरणाऱ्यास १०० वारांवरील एका इंचाचा फरक स्वतःच्या डोळ्यांचा की रायफलीचा हे सांगता येत नसे. दुर्बिणीने ते सांगता येऊ लागले. युद्धोत्तर काळात मेजावर रायफल टेकवून केवळ पुंजक्याच्या रुंदीवर स्पर्धा खेळणाऱ्यांचे मंडळ निघाले आणि १९५१ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अचूकता प्रथमच मोजपट्टीच्या कक्षेत आली.

या मेजावरच्या नेमबाजांपैकी एक मर्ल वॉकर हा रेमिंग्टन कंपनीत अभियंता होता. त्याचा हात असलेल्या ७२१ व ७२२ क्रमांकांच्या रायफली १९४८ मध्ये बाजारात आल्या. त्यांचा रिसीव्हर, म्हणजे ज्या सांगाड्यात बोल्ट पुढेमागे सरकतो तो भाग, गोल पोलादी कांबीतून लेथवर कातलेला होता. रिसीव्हर गोल ठेवण्याचा हेतू काटकसरीचा होता; पण गोल वस्तू लेथवर आपल्या मध्यरेषेशी इमान राखून उतरते, हा लाभ त्यातच साधला. धक्का दस्त्याकडे पोहोचविण्यासाठी स्वतंत्र भाग न घडविता नळी व रिसीव्हर यांच्यामध्ये एक जाड पोलादी चकती दाबून बसविली होती. चाप ओढल्यापासून काडतूस पेटेपर्यंतचा अवधीही कमी केला होता. दिसावयास या रायफली साध्या, काहींच्या मते दरिद्री होत्या. किमतीने त्या विंचेस्टरहून स्वस्त होत्या. लक्ष्यावर मात्र त्यांनी महाग रायफलींची बरोबरी केली. याच रचनेतून १९६२ ची ७०० क्रमांकाची रायफल निघाली, आणि १९६६ मध्ये अमेरिकेच्या नाविक दलाच्या पायदळाने आपल्या अचूक नेमबाजांसाठी तीच आधारभूत मानली.

मोकळीक कोठे ठेवावी, या जुन्या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर १९५८ मध्ये सॅव्हेज कंपनीच्या ११० क्रमांकाच्या रायफलीने दिले. निकोलस ब्रुअर हा तिचा रचनाकार. बंद बोल्ट आणि काडतुसास अडविणारी कोठ्यातील जागा यांमधले अंतर अत्यंत काटेकोर असावे लागते. रूढ पद्धतीत नळी शेवटच्या आट्यापर्यंत आवळून मग कोठा थोडा थोडा कोरीत हे अंतर कुशल कामगार जुळवीत असे. ब्रुअरने नळीवर एक मोठा नट चढविला. कोठ्यात मापक ठेवावयाचा, बोल्ट बंद करावयाचा, नळी मापकास टेकेपर्यंत फिरवावयाची आणि नट आवळावयाचा. सुट्या भागांच्या मापांत राहिलेली तफावत त्या एका जोडात विरून जाई. शिवाय बोल्टचे डोके स्वतंत्र व किंचित सैल ठेवल्यामुळे ते काडतुसामागे आपोआप सरळ बसे. मोकळीक नाहीशी झाली नाही. ती निरुपद्रवी जागी नेऊन ठेवली गेली. तो नट मात्र बाहेरून दिसे, ओबडधोबड वाटे, आणि त्यामुळे जाणते म्हणविणारे शिकारी या रायफलीस बराच काळ हिणवीत राहिले.

६

आता ज्या घटनेवर या विषयातील सर्व वाद केंद्रित झाला आहे तिच्याकडे वळू. १९६४ मध्ये विंचेस्टरने ७० क्रमांकाच्या रायफलीची रचना बदलली. माउझर पद्धतीचा लांब आकडा काढून टाकला. दस्त्यावरील चौकटी कोरण्याऐवजी दाबून उमटविल्या. नळी व दस्ता यांमध्ये डोळ्यांत भरेल एवढी फट ठेवली. आणि नळी बनविण्यास घण-घडणीची रीत स्वीकारली. या रीतीत चऱ्यांचा उलटा नमुना असलेली कठीण दांडी नळीच्या भोकात घालून बाहेरून यंत्राचे घण मारतात, म्हणजे चरे आतून उमटतात. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत विकसित झाली होती.

गिऱ्हाइकांचा क्षोभ अनावर झाला. '१९६४ पूर्वीची' ही संज्ञा त्या दिवसापासून रूढ झाली आणि सुमारे ५ लक्ष ८० हजार संख्येच्या जुन्या रायफलींचे भाव चढू लागले. कंपनीस काही वर्षांत दिखाऊपणाच्या बाबतीत सुधारणा कराव्या लागल्या, आणि १९९० नंतर लांब आकडाही परत आणावा लागला. या क्षोभाची साक्ष विपुल आहे. तिच्यावरून १९६४ नंतर रायफलीचा दर्जा घसरला असे विधान करणे सोपे, आणि काही अंशी ते योग्यही आहे. अडचणीच्या क्षणी काडतूस खात्रीने ओढून काढण्याच्या दृष्टीने जुना आकडा सरस होता. धावून येणाऱ्या जनावरासमोर उभ्या असलेल्या शिकाऱ्यास हा फरक क्षुल्लक नव्हे. हाताची सफाईही निःसंशय कमी झाली. परंतु अचूकतेचे काय? लक्ष्यावर नवी रायफल जुनीच्या मागे पडली नाही. ज्या फटीची सर्वांत अधिक टिंगल झाली तिच्या बाजूने तर सबळ कारण होते. लाकूड पावसाळी हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते आणि नळीवर कमीअधिक दाब देते. मोकळी तरंगती नळी या लहरीपासून मुक्त राहते.

तात्पर्य, १९६४ ची तक्रार प्रामाणिक होती, पण ती तीन भिन्न गुणांविषयी एकाच शब्दात बोलत होती. सफाई, खात्री आणि अचूकता यांपैकी पहिले दोन गुण उणावले. तिसरा उणावला नाही. तक्रार करणाऱ्यास हा भेद करण्याची गरज नव्हती, कारण त्याच्या पिढीने 'हजारांत एक' या काळापासून तिन्ही गुण एका चिन्हाखाली पाहिले होते. इतिहासकारास मात्र ती गरज आहे.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. रूगर कंपनीच्या १९६८ च्या ७७ क्रमांकाच्या रायफलीने अभिजात घाटाचा दस्ता व माउझरसारखा आकडा देऊन रुचिसंपन्न गिऱ्हाइकास तृप्त केले. तिच्या नळ्या मात्र बरीच वर्षे बाहेरून विकत घेतल्या जात, आणि अचूकतेच्या बाबतीत ती बेभरवशाची म्हणून ओळखली जाई. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कंपनी स्वतः घण-घडणीने नळ्या करू लागली, तेव्हा तिची ही ख्याती सुधारली. नमुना तोच, घाट तोच. बदलली ती डोळ्यांस न दिसणारी गोष्ट.

७

चिन्हे अविश्वसनीय ठरल्यावर गिऱ्हाइकाने आकड्याची मागणी केली, आणि उत्पादकांनी ती हमीच्या रूपाने पुरविली. वेदरबी कंपनीने १०० वारांवर तीन गोळ्यांचा दीड इंचाचा पुंजका देण्याची हमी दिली; फिनलंडमधील रीहिमाकी येथे २००३ पासून बनणाऱ्या टिक्का टी-३ रायफलीस १ इंचाची हमी मिळाली. आकडा आला म्हणजे संदिग्धता संपली असे वाटते. परंतु येथेही सावध राहिले पाहिजे. पुंजक्याची रुंदी ही त्यातील दोन टोकांच्या छिद्रांतील अंतर असल्यामुळे गोळ्या वाढल्या की ती वाढणारच. संभाव्यतेच्या गणिताप्रमाणे जी रायफल तीन गोळ्यांचा सरासरी १ इंचाचा पुंजका देते, तीच पाच गोळ्यांचा सुमारे १.२७ इंच आणि दहा गोळ्यांचा सुमारे १.५८ इंच देईल. शिवाय तीन गोळ्यांचा एखादा पुंजका केवळ योगायोगाने अर्ध्या इंचाचाही येतो, आणि खिशात जपून ठेवला जातो तो कागद नेमका तोच असतो. म्हणून एका पुंजक्यावरून केलेली स्तुती व निंदा या दोन्ही साधन म्हणून सारख्याच दुबळ्या होत. अनेक पुंजक्यांची सरासरी, काडतुसे कोणती होती त्याची नोंद आणि नळी थंड होती की तापलेली याचा उल्लेख असल्याखेरीज असा पुरावा ग्राह्य धरू नये.

गेल्या काही दशकांत फारकत पूर्ण झाली. १९८८ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या सॅव्हेज कंपनीने त्याच हिणविल्या गेलेल्या नटाच्या रचनेवर पुन्हा उभारी धरली, आणि २००२ मध्ये तिने काढलेल्या, गिऱ्हाइकास स्वतः जुळविता येणाऱ्या हलक्या चापाचे अनुकरण इतरांस करावे लागले. हलक्या चापाने नळी अधिक अचूक होत नाही; पण शिकाऱ्याच्या हाताचा झटका कमी झाल्याने रायफलीची मूळची अचूकता लक्ष्यापर्यंत पोहोचते. मात्र येथे सुरक्षिततेची मर्यादा आहे. रेमिंग्टनला २०१४ मध्ये ७०० क्रमांकाच्या रायफलींतील एका नमुन्याचे चाप परत मागवावे लागले, ही गोष्ट अचूकता हाच एकमेव निकष मानणाऱ्यांनी विसरू नये. टिक्का टी-३ चा दस्ता प्लॅस्टिकचा, काडतुसांची पेटीही प्लॅस्टिकची, आणि लहानमोठ्या सर्व काडतुसांस रिसीव्हर एकाच लांबीचा आहे. जुन्या रसिकतेच्या दृष्टीने तिच्यात पाहण्यासारखे काही नाही. लक्ष्यावर मात्र ती दुप्पट-तिप्पट किमतीच्या रायफलींशी टक्कर देते. खर्च कोठे वाचवावयाचा आणि कोठे वाचवावयाचा नाही, याचे ज्ञान हेच तिचे भांडवल होय. नळी, कोठा, बोल्टची बैठक आणि चाप यांवर खर्च करावयाचा. उरलेल्या गोष्टींत काटकसर करावयाची.

८

या विवेचनावरून निवडीच्या प्रश्नाचे जे उत्तर मिळते ते असे. शिकाऱ्याने प्रथम आपणास अचूकता किती हवी हे आपल्या अंतरावरून ठरवावे; नळी कोणत्या रीतीने बनते, ती दस्त्यात कशी टेकते आणि चाप कसा आहे हे पाहावे; आणि एका जातीच्या काडतुसांनी समाधान न झाल्यास रायफलीस दोष देण्यापूर्वी दुसऱ्या जातीची काडतुसे झाडून पाहावीत. पेनसिल्व्हेनियाच्या कारागिराने रायफलीबरोबर साचा दिला होता, तो याच कारणासाठी. नळी आणि गोळी यांचे नाते कारखान्याने सैल केले, नष्ट केले नाही.

अभ्यासकासाठी निष्कर्ष निराळा आहे. कारखानदारीने कारागिरीचा ऱ्हास केला, हे विधान एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील अनेक वस्तूंविषयी आपण वाचतो, आणि त्याच्या समर्थनार्थ समकालीनांचे उद्गार उद्‌धृत केलेले असतात. ते उद्गार खरे असूनही निष्कर्ष चुकीचा असू शकतो. कारण उद्गार काढणारा चिन्हाविषयी बोलत असतो आणि आपण ते गुणाविषयी वाचतो. रायफलीच्या बाबतीत हा भ्रम उघडकीस आणणे शक्य झाले, ते केवळ लक्ष्याचा कागद व मोजपट्टी उपलब्ध होती म्हणून. हातमागाचे लुगडे, घडीव कुलूप किंवा तांब्याचे भांडे यांच्या बाबतीत असा कागद उपलब्ध नाही. तेथे ऱ्हासाची साक्ष वाचताना साक्षीदार नेमक्या कोणत्या गुणाविषयी बोलत आहे, हे प्रथम निश्चित करूनच पुढे जावे लागेल.